हवालदार आणि उशिरा येणारा स्वर

हवालदारांना संगणक आवडायचा नाही, आणि हे ते रोज संगणकासमोर बसूनच सांगायचे. "ह्याला सगळं ऐकू येतं आन् कळत काहीच नाय," म्हणायचे, "आपल्या मुकुंदरावांसारखं." मुकुंदराव म्हणजे आमच्या दुकानाचे मालक. ते शेजारच्याच टेबलावर असायचे, आणि त्यांना नीट ऐकू जावं अशा बेतानंच हे बोललं जायचं. मुकुंदराव मान वर न करता म्हणायचे, "हवालदार, काम करा." मग दोघंही खूश.

त्यांचं नाव कडुबा औताडे. गाव दौलताबाद, किल्ल्याच्या पायथ्याला थोडी जमीन, पेरूची बाग. ऐन तारुण्यात पलटणीत भरती झाले ते बंदूक चालवायला, पण कुणा साहेबानं छाती आणि ओठ बघून हातात ट्रम्पेट दिला, आणि पुढची सगळी नोकरी लष्करी बँडात गेली. पाच रेषांवर लिहिलेलं संगीत ते आपण वर्तमानपत्र वाचतो तसं वाचायचे, मधूनमधून हसत, मधूनमधून नाक मुरडत. हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी आले आणि पेरूंत रमले असते, पण त्याच सुमाराला पाऊस रुसला.

ती दोन-तीन वर्षं आमच्याकडे कुणीच विसरलेलं नाही. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, आणि शेंद्र्याच्या कारखान्यांकडं जाणाऱ्या रस्त्याला मात्र दर महिन्याला नवी इमारत. आमचं दुकान गुलमंडीजवळ, एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, अर्ज, असलं सगळं टाइप करून देणारं. मी तिथं संगणकावर बसायचे. लग्नपत्रिकेच्या तळाशी 'पाणी जपून वापरा' अशी ओळ टाकायची तेव्हा टूम निघाली होती. ती ओळ हौसेनं टाकून घेणारी मंडळीच पुढं मांडवात टँकरवर टँकर मागवायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

हवालदार पहिल्यांदा जिना चढून आले ते पेन्शनच्या कसल्याशा अर्जासाठी. मी त्या दिवशी रडकुंडीला आले होते. एका शाळेला आपल्या बँडासाठी एका धुनेची नोटेशनची पुस्तिका हवी होती. तिथल्या संगीत शिक्षकांनी ती धून कीबोर्डवर वाजवून तिची मिडी फाइल करून दिली होती. आता मिडी फाइल म्हणजे काही गाणं नव्हे. कोणती पट्टी कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढीच तिच्यात नोंद असते. मुकुंदरावांनी कुठूनसं नोटेशनचं सॉफ्टवेअर मिळवलं होतं. फाइल त्यात उघडली की पाच रेषांवर सगळे स्वर आपोआप मांडले जातात, असं त्यांना कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं.

मांडले गेले खरे. दोन मिनिटांच्या धुनेची एकोणीस पानं झाली. माणसाचं बोट पट्टीवर केसभर आधी पडतं, केसभर उशिरा उठतं, आणि संगणक ते सगळं इमानदारीनं लिहून काढतो. एक अर्धवट स्वर, मग कणभर शांतता, मग चिमूटभर स्वर, त्याला जोडलेला आणखी एक चिमूटभर. डाव्या हाताचे स्वर उजव्या हाताच्या ओळीत, ढोलाचे ठोके भलत्याच ठिकाणी. कागदावर मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं. मला वाटलं, संगीत असंच दिसत असेल. मी छापून मोकळी झाले, आणि शाळेनं ते सगळं परत पाठवलं.

हवालदारांनी चष्मा चढवून पहिलं पान हातात घेतलं. थोडं गुणगुणले, अडखळले, थांबले.

"ह्ये कुणी लिवलं?"

"संगणकानं."

"मग त्यालाच वाजवाया लावा. लेकरांच्यानं नाय वाजायचं." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून जरा नरमले. "फाईल लावा बरं, ताई."

ती धून त्यांनी तीनदा ऐकली. उभ्यानं, हात मागं बांधून. मग स्वतःच्याच अर्जाच्या वाया गेलेल्या प्रतीच्या पाठीवर पाच-पाच रेषा ओढल्या आणि लाल पेन्सिलीनं ती अख्खी धून एका पानात लिहिली. "एवढंच हाय," म्हणाले. "बाकी समदा कचरा."

मुकुंदरावांचा हात आखडता असला तरी ते व्यवहाराला पक्के. त्यांनी ती एकोणीस पानं बघितली, ते एक पान बघितलं, आणि पुढच्या सोमवारी हवालदारांसाठी पाठीला उशी असलेली खुर्ची आली. त्या खुर्चीची मला पुढं कितीतरी दिवस असूया वाटत होती.

ते नवाच्या ठोक्याला यायचे, दौलताबादच्या जीपमधून धूळ खात. जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबून खिशातल्या फडक्यानं बूट पुसायचे आणि मगच वर चढायचे. शहरात अंघोळीची मारामार होती त्या दिवसांत हवालदारांच्या बुटांत मात्र तोंड दिसायचं. मी एकदा विचारलं, "काका, बुटांना इतकं कशाला जपता?" तर म्हणाले, "वाजवणाऱ्याचं मोजमाप पायात असतं. त्यो साफ पाहिजे." आणि खरंच, ते काही ऐकायला लागले की डाव्या बुटाची टाच जमिनीला चिकटलेली आणि टोक खाली-वर, खाली-वर. खाली म्हणजे ठोका. ते टोक कधी चुकलं नाही. चहा आला तरी, फोन वाजला तरी, मुकुंदराव कुणावर ओरडले तरी.

सुरुवातीला माउस माझ्या हातात आणि कान त्यांचे, असं चालायचं. दोन महिन्यांत ते स्वतःच करायला लागले, एका बोटानं, बंदुकीचा चाप ओढल्यासारखं. कामाचा क्रम ठरलेला. "आधी झाडायचं, मग सडा, मग रांगोळी." झाडायचं म्हणजे, वाजवताना बोट शेजारच्या पट्टीला नुसतं घासून गेलं की तिथं जो बारीकसा फुकटचा स्वर उमटतो तो काढायचा, मधल्या कणभर शांतता पुसायच्या. सडा म्हणजे, ठोका नेमका कुठून सुरू होतो ते शोधून सगळ्या धुनेला त्यावर बसवायचं. रांगोळी सगळ्यात शेवटी. कुठं हळू, कुठं जोरात, आणि मुख्य म्हणजे श्वास कुठं घ्यायचा.

श्वासावर त्यांचा फार जीव. "कीबोर्डच्या पट्टीला छाती नसती," म्हणायचे. "बोट दमत नाय म्हून वाजवणारा लांबच लांब वाजवतो. तेच ट्रम्पेटवर वाजवताना गड्याचे डोळे बाहेर येतेत." आणि ते खरं आहे की नाही हे तपासायला त्यांनी मला एक रिकामी बाटली दिली होती. लांब ओळ आली की मी त्या बाटलीत एका दमात फुंकत राहायचं. माझा दम जिथं सुटेल तिथं ते श्वासाची खूण करायचे. लग्नपत्रिका निवडायला आलेली माणसं माझ्याकडे काय नजरेनं बघायची ते मी सांगत नाही. एका बाईंनी तर मुकुंदरावांना हळूच विचारलं होतं, "हिला दमा आहे का हो?"

त्यांचा एक कायदा होता, तो आम्हा सगळ्यांना पाठ झाला होता. वाजवणाऱ्याचा एखादा स्वर ठोक्यावर पडला नाही, मागं-पुढं झाला, तर तो सरळ करायचा की तसाच ठेवायचा? हवालदार बोटं मोजून सांगायचे, "एकदा घसरला तर बोट. दुसऱ्यांदा घसरला तर सवय. तिसऱ्यांदा तिथंच घसरला तर मास्तर. मास्तराला हात लावायचा नाय."

मुकुंदरावांना हे सगळं म्हणजे वेळकाढूपणा वाटायचा. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, सगळे स्वर एका झटक्यात जवळच्या ठोक्यावर नेऊन बसवणारी. एकदा हवालदार जेवायला बसलेले असताना मालकांनी स्वतःच ती वापरली. शाळेचंच एक गीत होतं, सहा मात्रांचं, झुलणारं. मुकुंदरावांनी ते चार-चारच्या साच्यात घालून ठोकूनठाकून सरळ केलं आणि मोठ्या अभिमानानं पडद्यावर दाखवलं. पान अगदी स्वच्छ. हवालदारांनी हात पुसले आणि ऐकलं. मग म्हणाले, "मुकुंदराव, जरा उठता का? ह्याच्यावर चालून दाखवा बरं. हितून दारापर्यंत."

मालक उठले. हवालदारांनी फाइल लावली आणि म्हणाले, "बाएँ, दाहिने." पाचव्या पावलाला मुकुंदरावांचे दोन्ही पाय एकदमच पुढं जायला निघाले आणि त्यांनी पत्रिकांची मांडणी धरली. गणपतीच्या चित्राच्या पत्रिका सगळ्या खाली.

"लागलं का?" हवालदारांनी विचारलं.

"नाही."

"लेकरांना लागलं असतं."

त्यानंतर त्या झटपट सोयीला आमच्याकडे 'मालकांचं बटण' असं नाव पडलं.

पेरूच्या दिवसांत पिशवी भरून पेरू यायचे. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी ते लिंबाएवढे झाले. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणाले, "शिपायागत झालेत. बारीक पण टणक." अंघोळीचं, भांड्यांचं पाणी बादलीनं वाहून त्यांनी त्या वर्षी सहा झाडं वाचवली होती. सहाच. पण ती सांगताना त्यांचा आवाज असा काही व्हायचा की मुकुंदरावसुद्धा त्या वेळी चेष्टा करायचे नाहीत.

त्याच हिवाळ्यात खालच्या कापड दुकानाच्या सरलावहिनी लेकीच्या पत्रिकेसाठी वर आल्या. पत्रिका निवडून झाली तरी उठेनात. मग म्हणाल्या, "शैला, एक मनातलं सांगू? माझ्या पाठवणीला रशीद मास्तरांनी जी धून वाजवली होती ना, तीच मला पोरीच्या पाठवणीला पाहिजे. दुसरं काही नको. पण मास्तर तर अंथरुणावर."

रशीद मास्तर हे नाव जुन्या शहरात कुणाला सांगावं लागत नाही. चाळीस वर्षं त्यांचा बँड इथल्या लग्नांत वाजला. सगळ्यात पुढं मास्तर स्वतः, क्लॅरिनेट घेऊन. पाठवणीची ती धून त्यांनी स्वतः बांधलेली होती आणि ती दुसऱ्या कुठल्याच बँडाकडे नव्हती. दिवाळीच्या सुमाराला त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

वहिनींनी निरोप धाडला म्हणून मास्तरांचा मुलगा इक्बाल आमच्याकडे आला. बँडात ट्रम्पेट वाजवणारा, तिशी-पस्तिशीचा. खुर्चीवर टेकला, आणि खिशातून पेन ड्राइव्ह काढून तो हातातच धरून बसला.

"काका, अब्बाची जबान गेली. एकच हात चालतो, डावा. एका ऑर्केस्ट्रावाल्याचा कीबोर्ड घरी आणला आन् त्यांच्या पुढ्यात ठेवला. पाठवणी वाजवली त्यांनी. जैसी आयी वैसी रेकॉर्ड केली." त्यानं पेन ड्राइव्ह बोटांत फिरवला. "बँडात जुने लोक दोनच उरलेत. बाकी सगळे शेंद्र्याला, कंपनीत. शादी-ब्याह कमी, पोट भरत नाही, कुणाला काय बोलणार? नवीन पोरं कागद दिला तर वाजवतील. नाही तर अब्बाच्या संग ही धून पण गेली समजा."

हवालदारांनी पेन ड्राइव्ह दोन्ही हातांनी घेतला. "इक्बालभाई," ते म्हणाले, "माझ्या बहिणीच्या लग्नात तुमच्या अब्बानं वाजवलं व्हतं. ट्रम्पेट म्या आयुष्यात पहिल्यांदा बघितला त्यो तुमच्या बँडात. पलटणीत साहेबानं इचारलं, ह्ये काय हाय माहिती का, तर म्या म्हनलो, व्हय. म्हून तर दिला त्यानं." हे आम्हाला इतक्या दिवसांत त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

ती फाइल उघडली तेव्हा माझा धीरच खचला. आजवर पाहिलेली सगळी वारुळं तिच्यापुढं काहीच नव्हती. थरथरणारा हात, घासलेल्या पट्ट्या, ठोक्याचा पत्ताच नाही. हवालदार तीनदा ऐकून थांबले नाहीत. दोन दिवस नुसते ऐकतच होते. तिसऱ्या दिवशी झाडायला बसले. आठवडाभरात त्या वारुळातून धून हळूहळू वर आली. चार ओळींची, साधी, पण दुसऱ्या ओळीला हातातलं काम थांबायचं. मुकुंदरावांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते उगीचच कपाटातलं काहीतरी शोधायला लागले.

एक गोष्ट मात्र राहिली होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक स्वर उशिरा येत होता. चारही ओळींत, त्याच जागी. मास्तर तिथवर यायचे, थांबायचे, आणि मग तो स्वर वाजायचा. कधी थोडं थांबायचे, कधी बरंच. हवालदारांनी ते चारही स्वर ओढून ठोक्यावर आणले.

मी म्हटलं, "काका, चार वेळा घसरलाय तो. तुमच्या कायद्यानं..."

"सारखा कुठं घसरलाय?" ते म्हणाले. "मास्तर थांबला असता तर चारी बार सारखाच थांबला असता. हा कधी लई, कधी कमी. ओळ संपता-संपता हात दमतोय बिचाऱ्याचा." आणि मग हळू आवाजात, "आजारी माणसाची थरथर कशाला छापायची, ताई? लोकांपुढं मास्तर ताठ उभा ऱ्हायला पाहिजे."

मला ते पटलं. त्यांच्या तोंडचं 'बिचारा' मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही.

बारा वाद्यांचे बारा वेगवेगळे कागद झाले. बँडातल्या तिघा-चौघांनाच पाच रेषा वाचता यायच्या, बाकीच्यांसाठी प्रत्येक स्वराखाली सारेगम टाइप करून मी बोटं दुखवून घेतली. लग्नाच्या आधीच्या रविवारी सकाळी मास्तरांच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत तालीम ठरली. आम्ही दोघं गेलो. दारात बाजेवर मास्तरांना टेकवून बसवलं होतं. पांढरीशुभ्र टोपी, दाढी विंचरलेली, उजवा हात मांडीवर तसाच पडलेला.

बँड वाजला, आणि काय वाजला! पोरं नवी होती, पण कागद पक्का होता. एक स्वर इकडचा तिकडे नाही. गल्लीतल्या बायका दारादारांत आल्या. हवालदारांच्या बुटाचं टोक खाली-वर, खाली-वर. मी खोटं कशाला बोलू, माझी मान ताठ झाली होती. धून संपली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. इक्बाल वाकून म्हणाला, "अब्बा, अच्छा हुआ ना?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

मग डाव्या हातानं बाजेच्या कडेवर ठोका दिला. एक, दोन, तीन, आणि हात वर गेला. तो खाली आला नाही. मास्तर आमच्यापैकी कुणाकडेच बघत नव्हते. समोरच्या रिकाम्या जागेकडे कुणीतरी उभं असल्यासारखे बघत होते. बऱ्याच वेळानं हात खाली आला. पुन्हा एक, दोन, तीन, पुन्हा हात वर. या वेळी पहिल्यापेक्षाही जास्त थांबले. हात किंचितही थरथरत नव्हता.

हवालदारांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्यांनी टाचा जुळवल्या आणि साहेबापुढं उभं राहावं तसे त्या बाजेपुढं उभे राहिले.

"मास्तर, चूक माझी हाय," ते म्हणाले. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. "हात आजारी म्हून म्या तुमचा सूर सरळ केला. तुमचा हात बरोबर व्हता. मीच मेहेरबानी कराया गेलो."

इक्बाल गडबडला. "काका, असू द्या ना. चांगलं वाजलंय. लोगां को क्या समजता?"

"लोकांना नाय कळत. मास्तरांना कळतंय. बास."

आणि त्यांनी त्या बारा जणांपुढं एकेक करून जाऊन स्वतःच्या हातानं सगळे कागद परत घेतले. इतका अभिमानी माणूस मी पाहिला नव्हता, आणि त्या सकाळी तो बारा पोरांपुढं बारा वेळा वाकला. मला आजही त्यांचा अभिमान वाटतो तो तालमीतल्या टाळ्यांचा नाही, त्यानंतरच्या या पाच मिनिटांचा वाटतो.

कागद गोळा झाल्यावर त्यांनी इक्बालला विचारलं, "त्या जागेवर किती थांबायचा तुमचा बँड?"

इक्बाल विचारात पडला. "मोजलं नाही कधी, काका. आम्ही अब्बाकडं बघायचो." मग एकदम त्यालाच काहीतरी उमगल्यासारखं झालं. "अब्बा नवरीकडं बघायचे. ती आईच्या गळ्यात पडते, मागं वळून बघते, तोवर शेवटचा सूर वाजवायचा नाही. तिचं पाऊल उचललं की मग वाजवायचा. अब्बा पुढं असायचे म्हणून आम्हाला कधी कळलंच नाही, आपण थांबतोय कशाला ते."

सोमवारी हवालदार आठलाच आले. मला म्हणाले, "शैलाताई, तुम्ही सांगितलं व्हतं."

"जाऊ द्या हो काका."

"जाऊ द्या कसं? माझा कायदा तुम्हाला कळला आन् मला नाय." आणि त्यांनी फाइल उघडली.

मास्तर मुळात जिथं थांबले होते तिथं ते चारही स्वर नेले तरी भागणार नव्हतं. कारण दर वेळचं थांबणं वेगळं, आणि प्रत्येक नवरीचंही वेगळं. नोटेशनमध्ये त्यासाठी एक खूण असते, स्वरावर किंवा मधल्या शांततेवर उघडलेल्या छत्रीसारखी कमान आणि तिच्याखाली ठिपका. इथं थांबा, एवढंच ती सांगते. किती, ते पुढं उभ्या असलेल्या मास्तरांनी ठरवायचं. पण आता पुढं मास्तर असणार नव्हते. हवालदार त्या छत्रीकडे बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "ताई, हिच्यावर शब्द टाइप करता येतेत ना?"

"येतात की."

"मग घाला. नवरीकडं बघा."

मुकुंदराव शेजारून म्हणाले, "अहो हवालदार, असं कुठं लिहितात का नोटेशनमध्ये?"

"आता लिवतेत," हवालदार म्हणाले.

मी ते पुस्तकी भाषेत, 'नवरीकडे बघा' असं टाइप केलं. बारा कागद, प्रत्येकावर चार वेळा. मुकुंदरावांनी त्या दिवशी त्यांच्यासाठी सबंध कप चहा मागवला, एरवी अर्धाच असायचा. हवालदार नवे कागद घेऊन एकटेच मास्तरांकडे गेले. परत आल्यावर मी विचारलं, तर नुसतं "पास" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. इक्बालनं मला नंतर सांगितलं. मास्तरांनी कागद मांडीवर घेतला, ओळीवरून बोट फिरवत नेलं, छत्रीपाशी थांबवलं. इक्बालनं वरचे शब्द वाचून दाखवले तेव्हा अर्ध्या तोंडानं हसले, आणि डाव्या हातानं हवालदारांचा हात धरला तो सोडेनात.

पुढं थोड्याच दिवसांत मला शेंद्र्याला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी मिळाली आणि दुकान सुटलं. मास्तर गेले. हवालदार गेल्याचं मला फार उशिरा, इक्बालकडूनच कळलं. त्याचा बँड अजून वाजतो. ते कागद अजून चालतात, झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. सारेगम पुसट झालंय, पण वरचे दोन शब्द पोरांनी पेनानं पुन्हा गिरवलेत. कुणाच्या पाठवणीला ती धून कानावर आली की मी शेजारणीला कोपरानं ढोसून सांगते, "हा कागद आमच्या हवालदारांचा."

पण हवालदार मला अजून दिसतात ते त्या पाठवणीच्या दिवशीचे, सरलावहिनींच्या दारातले. दुपार कलली होती. गल्लीच्या तोंडाशी फुलांनी सजवलेली गाडी उभी. बारा जण दोन रांगांत, वाद्यांना चिमट्यानं कागद लावलेले. हवालदार समोरच्या ओट्याशी, गर्दीपासून जरा बाजूला, हात मागं बांधून. इस्त्रीचा सदरा, धुळीतही लखलखणारे बूट. धून सुरू झाली. पहिली ओळ संपत आली आणि त्या बाराच्या बारा जणांनी कागदावरची नजर उचलून नवरीकडे बघितलं. नवरी आजीच्या पाया पडत होती. बँड थांबला. ती उठली, आणि सूर पुढं सरकला. वहिनींनी ते ऐकलं मात्र, तोंडाला पदर लावून त्या मटकन पायरीवर बसल्या.

चौथ्या ओळीला पोर गाडीच्या दारापर्यंत गेली होती. तिथून ती मागं वळली आणि आईकडे बघत उभी राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. गुलमंडीच्या बाजूनं रिक्षांचे हॉर्न वाजत होते, कुणीतरी "चला, चला" म्हणत होतं. बारा जण श्वास धरून तिच्याकडे बघत होते. मी हवालदारांच्या पायाकडे बघितलं. डाव्या बुटाचं टोक वर होतं, आणि आयुष्यभर कुणासाठी न थांबलेलं ते टोक तसंच वर राहिलं. मग वहिनी पायरीवरून उठल्या, त्यांनी लेकीला हातानं 'जा' म्हटलं. तिनं डोळे पुसले, पाऊल उचलून गाडीत ठेवलं, आणि मगच ते टोक खाली आलं.